मदत हवी आहे: फ्रान्समधले कमी रहदारीचे सायकल रस्ते

मंडळी, सप्टेंबरात मी आणि बायको फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलने फिरायचं म्हणतोय. लोआर नदीकाठचा मार्ग सगळेच सुचवतात, पण तिथे गर्दी फार असते म्हणे. म्हणून बर्गंडीतला निव्हर्ने कालवा डोक्यात आहे: ओसेर ते दसीझ, साधारण 180 किमी. पूर्वी बोटी ओढून नेण्यासाठी केलेली काठची वाट, त्यामुळे चढ जवळपास नाहीतच. पण पावसानंतर या वाटेचं काय होतं? आमचे टायर 32 मिमीचे आणि मागे दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या. चिखल असेल तर हाल आहेत.

पुढे मॉर्व्हाँच्या डोंगरात शिरायचा मोह होतोय. 'डी' क्रमांकाच्या (म्हणजे जिल्हा पातळीवरच्या) काही रस्त्यांवर ट्रकही धावतात, तेव्हा मिशेलिनच्या कागदी नकाशावरचे पांढरे बारीक रस्ते धरले तर चालेल ना? तिकडे कुणी गेलंय का?

शिवाय गावातली दुकानं दुपारी बंद, सोमवारी तर बऱ्याच ठिकाणी दिवसभर. बायको शुद्ध शाकाहारी. चीज-पाव सोडून वाटेत काय मिळेल, तेही सांगा.