'तूसी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मिंगकालीन चीनच्या नैऋत्य सरहद्दीवरच्या 'तूसी' सरदारांवरचा लेख मराठीत आणतेय. तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'मांडलिक' केलंय. मला खटकतंय.

उत्तर: खटकायलाच हवं. मांडलिक म्हणजे हरलेला, खंडणी भरून गादी राखणारा राजा. तूसी हे दरबारी दर्जाचं पद. 'तू' म्हणजे माती, तिथलं. 'सी' म्हणजे कचेरी. पद घराण्यातच राही, पण वारसाला मान्यता दरबाराकडून घ्यावी लागे. त्या मान्यतेच्या जोरावरच ही माणसं मोठी झाली.

युन्नानमधल्या लीजियांगचा नाशी जमातीचा सरदार १३८२ मध्ये मिंग फौजेला सामील झाला. हाँगवू बादशहाने त्याला 'मू' हे आडनाव दिलं. पुढच्या पिढ्यांनी उत्तरेला तिबेटी मुलखात बातांगपर्यंत हातपाय पसरले. मिंगांनी ते चालू दिलं. सरहद्द परस्पर सांभाळली जात होती. चिनी कागदात मू प्रमुख 'झीफू', म्हणजे प्रांताखालच्या एका विभागाचा अंमलदार. तिबेटी लोक मात्र त्यालाच 'ग्याल्पो' म्हणत, म्हणजे राजा! माणूस एकच. 'मांडलिक'मध्ये हे दुहेरीपण मावतच नाही.

मी 'वतनदार' म्हणेन. 'वतन'चा मूळ अर्थही जन्मभूमी, आणि आपल्याकडे तो वंशपरंपरेच्या हक्काला चिकटला.

शंका: वतनदार फार हलका नाही का होत? बोझोऊचा तूसी यांग यिंगलोंग याचा हायलोंगतुनसारखा बुलंद डोंगरी किल्ला होता. १६०० मध्ये तो घ्यायला मिंगांना प्रचंड फौज उतरवावी लागली.

उत्तर: 'वतनदार' आपल्याला हलका वाटतो तो आत्ताच्या कानांना. आज्ञापत्रात देशमुख-पाटलांबद्दल लिहिलंय की त्यांना वतनदार म्हणणं ही नुसती बोलण्याची रीत, ते 'स्वल्प परंतु स्वतंत्र देशनायकच' आहेत. यांगला हे शब्द तंतोतंत लागू पडतात.

आणखी एक. लेखात 'गायतू ग्वेइल्यू', म्हणजे 'तू' काढून 'ल्यू' आणायचं धोरण, येईलच. तिथे 'तू'च्या उलट 'ल्यू', म्हणजे वाहणारा: आज इथे, उद्या तिथे नेमला जाणारा अधिकारी. लीजियांगमध्ये हा बदल १७२३ मध्ये झाला, मू घराण्याचा कारभार गेला. त्याला 'वतनं खालसा करून बदलीचे अधिकारी नेमणं' म्हणा. 'प्रशासकीय सुधारणा' नको, त्यात माती आणि वाहणं दोन्ही हरवतं.

प्रश्नकर्ती: पहिल्या उल्लेखाला 'तूसी वतनदार', पुढे नुसतं 'तूसी' ठेवते. 'मांडलिक' आजच काढते.