पंगतीला बसायचं की नाही

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेतले ऑर्थोडॉक्स (परंपरा काटेकोर पाळणारे) ज्यू रिफॉर्मवाल्यांसोबत (काळानुसार बदल मानणाऱ्या ज्यू पंथासोबत) कधी बसलेच नाहीत. असं नाही हो. 1926 मध्ये ऑर्थोडॉक्स, रिफॉर्म आणि त्यांच्या मधले कॉन्झर्व्हेटिव्ह या तिन्ही पंथांची सिनेगॉग कौन्सिल ऑफ अमेरिका ही एकत्र संस्था स्थापन झाली, ती 1994 पर्यंत टिकली. 1956 मध्ये ऑर्थोडॉक्सांच्या येशिवांच्या (धर्मशिक्षणाच्या पाठशाळांच्या) अकरा प्रमुखांनी अशा मिश्र मंडळांत जायला मनाई केली. गंमत म्हणजे ऑर्थोडॉक्सांचेच एक मोठे रब्बी (धर्मगुरू) सोलोवेचिक यांनी त्यावर सही केलीच नाही. सरकारदरबारी ज्यूंची बाजू मांडायला एकत्र यावं, धर्माच्या अंतर्गत बाबतीत नको, अशी त्यांची विभागणी होती. मला ती आजही पटते.

खरी गाठ बसली 1983 मध्ये. वडील ज्यू आणि मूल ज्यू म्हणून वाढवलेलं, तर अमेरिकन रिफॉर्मने त्याला ज्यू मानायचं ठरवलं. हलाखा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र, आई ज्यू आहे का ते बघते. म्हणजे 'ज्यू कोण' इथेच फाटलं, मग एकी कोणाची करायची?

हबाद या ऑर्थोडॉक्स पंथाचं बघा. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर त्यांची पोरं "तुम्ही ज्यू का?" विचारतात आणि हो म्हटलं की हातावर तेफिलिनचे (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या, धर्मवचनं ठेवलेल्या छोट्या पेट्यांचे) काळे चामडी पट्टे गुंडाळून देतात. समोरचा रिफॉर्म असला तरी चालतो, पण त्याच्या रब्बीला रब्बी म्हणून मान्यता नाही.

आपल्याकडून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंनाही या 'ज्यू कोण' वादाची झळ बसलीय. लग्नासाठी वंशाची चौकशी नको म्हणून 1964 मध्ये त्यांना जेरुसलेममध्ये आंदोलन करावं लागलं. आणि तिथे समोर रिफॉर्मवाले नव्हते, खुद्द इस्रायलच्या मुख्य रब्बींचं कार्यालय होतं.