कुत्री पाण्यात उतरत नाही, सप्टेंबरात नाव्डाची परीक्षा आहे

सकाळचा_धावक (मे)

मंडळी, मी मिनेसोटात राहतो. इथे तळ्यांना तोटा नाही आणि माझी कुत्री एकाही तळ्यात पोटाच्या वर भिजायला तयार नाही.

जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, अकरा महिन्यांची. मी जन्मात शिकारीला गेलेलो नाही. पळायला जोडीदार हवा म्हणून पिल्लू घेतलं, पण देणाऱ्याची अट होती की नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशनची, म्हणजे नाव्डाची, नॅचरल अ‍ॅबिलिटी टेस्ट द्यायची. म्हणून जवळच्या चॅप्टरचा, म्हणजे स्थानिक शाखेचा, सभासद झालो. परीक्षेला कुत्रा सोळा महिन्यांच्या आतला लागतो; सप्टेंबरात ही पंधराची होईल.

दोन ट्रेनिंग डे झाले. मैदानात बाई वाऱ्यावर स्वार! गवतात लपवलेल्या चकोराचा वास आला आणि अशी थिजली, शेपटी ताठ, पुढचा पाय उचललेला, की माझ्याच अंगावर काटा आला. (हो, चकोरच. इथले लोक ‘चुकर’ म्हणतात. चांदण्यावर जगणारा आपला पक्षी इथे पिंजऱ्यात बसून दाणे टिपतो. आईला अजून सांगितलेलं नाही.)

पाण्याचा घोटाळा मात्र मीच केला. एप्रिलअखेर तळ्यावर नेली, डमी (कुत्र्याने उचलून आणायची नकली शिकार) फेकली. ती पाय भिजवून परत आली. पुन्हा फेकली, पुन्हा तेच. मग मी तिला उचलून सरळ आत ठेवलं. पोहली, पण काठाकडे. आता गाडीतून तळं दिसलं तरी सीटखाली शिरते.

दुसरं असं की, व्हिडिओवाले सांगतात आधी ‘व्हो’ हा थांबण्याचा हुकूम पक्का करा, जागचं हलता कामा नये. चॅप्टरमधले जुने लोक म्हणतात आत्ता नको. कोणाचं ऐकू?

काठावरचा

जुन्या लोकांचं ऐका. मी ऐकलं नव्हतं. माझ्या पहिल्या कुत्र्याला, ग्रिफॉन जातीच्या, दहाव्या महिन्यात मी व्हो, हील (पायाशी चालणं), सगळं घोटून घेतलं होतं. परीक्षेत बाकीची पिल्लं शेत पालथं घालत होती आणि माझा शहाणा माझ्या गुडघ्याला चिकटून, ‘आता काय करू?’ म्हणून तोंडाकडे बघत होता. शोधात चारपैकी दोन मिळाले. ते दोन त्याचे नव्हते, माझे होते.

या परीक्षेत कुत्रा जन्मतः काय घेऊन आलाय ते बघतात. पॉइंट धरला, म्हणजे वासावर तशी थिजली, आणि पक्षी उडाल्यावर मागे धावली, तरी चालतं. पक्षी उडाला, बार झाला तरी जागचं हलायचं नाही, हा प्रकार पुढच्या युटिलिटी टेस्टचा. त्याला अख्खं वर्ष पडलंय.

पाण्याची काळजी मात्र खरी आहे. प्रत्येक विषयाला चारपैकी गुण देतात आणि त्याला त्या विषयाच्या वजनाने गुणतात. एकूण गुण ११२. त्यात नाकाचे २४, शोधाचे २०, पाण्याचे २०. पण प्राइझ नुसत्या बेरजेवर ठरत नाही, प्रत्येक विषयात किमान गुण लागतात. बाकी सगळीकडे चारपैकी चार आणि पाण्यात भोपळा, तर बेरीज ९२ आणि प्राइझ नाही.

आता डमी महिनाभर कपाटात ठेवा. एप्रिलमधलं तिकडचं पाणी म्हणजे नुकतं वितळलेलं बर्फ, त्यात मी तरी उतरलो असतो का? जूनमध्ये, उथळ उतार असलेला, तळाशी वाळू असलेला काठ शोधा. जुने बूट घाला आणि स्वतः आत चालत जा. तिला हाक मारू नका. अरुंद ओढा मिळाला तर सोनं: तुम्ही पलीकडे जा आणि चालत सुटा. मागे राहायचं नाही म्हणून ती चार हात पोहेल, आणि पोहल्याचं तिला नंतर कळेल. सोबत पाण्याचा शौकीन एखादा कुत्रा असेल तर अर्धं काम तोच करतो. आणि तळी बदलत राहा, परीक्षेचं पाणी तिला अनोळखी असणार.

परीक्षेत डमी फेकतात आणि कुत्र्याने दोनदा पोहायचं असतं. उचलून आणलीच पाहिजे असं नाही.

गवतफूल

बंदुकीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ती मैदानात धावत असताना कोऱ्या, म्हणजे गोळी नसलेल्या, काडतुसाचे बार काढतात. आवाजाला घाबरणारा कुत्रा तिथेच बाद. म्हणून कृपा करून ‘सवय व्हावी’ म्हणून तिला शूटिंग रेंजवर नेऊ नका. ती कबुतरामागे सुसाट असताना, लांबवर, टिकल्यांच्या पिस्तुलाचा एकच आवाज. तिने वळून पाहिलं तर अजून लांब जा.

बारीक_चिमटा

शिकार करायची नाही, तर ही उठाठेव कशाला? परीक्षेत पंखांची पिसं उपटलेल्या फेझंटला (कोंबडीच्या जातकुळीतला पक्षी) गवतात पळवायचं आणि मागे पिल्लू सोडायचं, यात कसलं कौतुक?

काठावरचा

फेझंटचं मलाही टोचतं, खोटं कशाला बोलू. पण माग काढायची वृत्ती दुसऱ्या कशाने दिसत नाही. डमी ओढून केलेला माग आणि जिवंत पक्ष्याचा माग यांत कुत्र्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि ही परीक्षा धावकरावांपेक्षा पिल्लू देणाऱ्याच्या कामाची आहे. एका वेतातल्या पाच-सहा भावंडांचे गुण शेजारी ठेवले की आई-बापांनी काय दिलं ते दिसतं. तीन जज असतात, ते दात, पापण्या, अंगावरचे केस, सगळं तपासून लिहितात. कुत्र्यांची आपसात स्पर्धा नाहीच, दिवसभरात सगळ्यांना पहिलं प्राइझ मिळू शकतं किंवा कोणालाच नाही.

सकाळचा_धावक (जुलै)

खबर द्यायला आलो. व्हो सोडून दिलं. ओढ्याचा उपाय तीन रविवार केला. दोन रविवार ती काठाने धावत, रडत मला शिव्या देत होती. तिसऱ्या रविवारी बूट विसरलो म्हणून चपलेवर उतरलो, तर एक चप्पल वाहून गेली. तिने चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मारली उडी! चांगली दहा हात पोहली. चप्पल काही आणली नाही.

काठावरचा

दुसरी जपून ठेवा. दोनदा पोहावं लागतं.