थिबा राजवाडा : जाण्यापूर्वी काय माहीत असावे?

पुणेकर :
पुढील महिन्यात आईवडिलांना घेऊन रत्नागिरीस जाण्याचा विचार आहे. थिबा राजवाडा पाहून आलेले परिचित ‘रिकामी दालने आहेत, अर्ध्या तासात उरकते’ असे सांगतात. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाच्या या वास्तूत नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जांभा :
अर्ध्या तासात उरकते हे खरे. मात्र सनावळी ठाऊक असेल, तर ती रिकामी दालने निराळी वाटतात. १८८५ च्या युद्धात राज्य गमावलेल्या थिबाला इंग्रजांनी मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले, पण या वाड्यात तो राहायला आला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ मध्ये वारला. म्हणजे नजरकैदेच्या तीस वर्षांतील जेमतेम सहा वर्षे त्याने इथे काढली. त्याआधीचा सारा काळ बंगल्यांत गेला. तीन मजली जांभ्या दगडाची इमारत, उतरती छपरे आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांतील रंगीत काचा सावकाश पाहाव्यात. दालनांतील राजेशाही थाटाला भुलू नये, कारण वास्तू राजासाठी असली तरी बांधणारे सरकार त्याला कैदेत ठेवणारेच होते.

रत्नांग्रीकर :
वाडा पाहून परस्पर गणपतीपुळ्याला निघून जाणारे पर्यटक शिवाजीनगरातील समाधीकडे फिरकत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे. थिबा आणि त्याची धाकटी राणी सुपयागले यांचे देह ब्रह्मदेशात नेण्याची पट्टराणी सुपयालतची विनंती सरकारने मानली नाही, म्हणून ते येथेच विसावले. सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येला वाड्यावरील नोकर गोपाळ सावंत यांच्यापासून झालेली मुलगी टूटू मात्र रत्नागिरीतच मराठी घरात नांदली, त्यामुळे हा इतिहास गावाला परका नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीस्थळी येऊन गेले.

भाट्येकर :
वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे असून तेथे संग्रहालय आहे. सुट्टीचा वार आणि वेळा आधी विचारून घ्या. आईवडिलांना जिने चढवत नसतील, तर तळमजला आणि बाहेरील आवार पुरेसे आहे. दुपारचे ऊन टाळून चारच्या सुमारास गेलात, तर वाडा पाहून जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्ये खाडी आणि पूल उजेडात दिसतील.