जहाजावर दोनशे मुलांची सहल असेल, तर बाकीच्या प्रवाशांना ते आधी कळायला नको का?

गोदाकाठ (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघे नाशिकला गंगापूर रोडला राहतो. यजमान निवृत्त झाल्यावर एकदा तरी समुद्रावर रात्र काढायची, असे आमचे फार वर्षांपासून ठरले होते. दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या मुद्दाम टाळून आम्ही जानेवारीतील मुंबई–गोवा–मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ घेतली. सकाळच्या पंचवटीने नाशिकरोडहून निघालो आणि सीएसएमटीहून टॅक्सीने बॅलार्ड पिअरला पोहोचलो, तर धक्क्यावर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली मुले रांगेत उभी होती. एका खासगी क्लासची अकरावी-बारावीची सहल होती आणि मुले दोनशेच्या आसपास होती. त्यांच्यासोबत मला दिसलेली मोठी माणसे सात-आठच होती.

मुले आनंदात होती, त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मात्र जहाज सुटण्यापूर्वी जो सुरक्षेचा सराव होतो, त्यात लाइफ जॅकेट कसे बांधायचे हे दाखवणाऱ्या मुलीचे एकही वाक्य आमच्यापर्यंत पोहोचले नाही, कारण प्रत्येक जॅकेटला असलेली शिट्टी मुलांनी वाजवायला सुरुवात केली होती. ती मुलगी तीन वेळा थांबली, तीन वेळा तिने पुन्हा सुरुवात केली आणि शेवटी नुसत्या हातवाऱ्यांनी सगळे दाखवून मोकळी झाली. यजमानांना कमी ऐकू येते. संकट आले असते, तर कोणत्या जिन्याने कुठे जायचे हे त्यांना त्या दिवशी समजलेले नव्हते.

रात्रीचे तर विचारूच नका. जहाजावरच्या खोल्यांची दारे जड असतात आणि हात सोडला की आपोआप धाडकन मिटतात. आमच्या मजल्यावर अशी तीस-पस्तीस दारे पहाटे तीनपर्यंत मिटत होती. डोळ्याला डोळा लागला नाही. स्वागतकक्षात दोनदा सांगितले, तेव्हा एक कर्मचारी येऊन गेला आणि तो जिन्याकडे वळताच पुन्हा तेच सुरू झाले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, एवढा मोठा गट एका फेरीवर असेल, तर खोली आरक्षित करतानाच, किंवा गट नंतर ठरला तर ठरल्याबरोबर, इतर प्रवाशांना तसे कळवावे आणि ज्यांना तारीख बदलायची असेल त्यांना ती जादा पैसे न घेता बदलू द्यावी. हॉटेल पटले नाही तर माणूस दुसरीकडे जातो, पण जहाजावरून मध्यरात्री कुठे जाणार? तुम्हाला काय वाटते?

खडू-फळा

ताई, आपल्याला झालेला त्रास खरा आहे आणि शिट्ट्यांचा प्रकार तर अक्षम्य आहे. तरीही आपली मागणी मला मान्य नाही. मी सिन्नर भागात शिकवतो आणि गेली पंधरा वर्षे सहली नेतो आहे. आपण गर्दी टाळायला जानेवारी निवडलात, पण शाळा आणि क्लास यांच्या सहलींचा तोच महिना असतो. दिवाळीनंतर अभ्यासक्रम मार्गी लागतो, फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा सुरू होतात आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर क्रूझ चालत नाहीत. मग आम्ही मुलांना न्यायचे तरी केव्हा?

आमच्या मुलांपैकी कितीतरी जणांनी गंगापूर धरणाच्या पलीकडे मोठे पाणी पाहिलेले नसते. दोन वर्षांपूर्वी अलिबागला नेले, तेव्हा कांद्याच्या चाळीत सुट्टीभर काम करून सहलीचे पैसे जमवलेला एक मुलगा किनाऱ्यावर बसून पाण्याकडे नुसता पाहत राहिला होता. जेवायला बोलावले तरी तो उठला नाही. त्याला आपण ‘गर्दी’ म्हणणार असाल, तर मला वाईट वाटेल.

दुसरे असे की, लग्नाची दीडशे माणसे जहाजावर येतात, कंपन्यांची वितरक-संमेलने होतात आणि त्यांतली मंडळी मद्य घेऊन मुलांपेक्षा अधिक गोंधळ घालतात. त्यांची आगाऊ सूचना कुणी मागत नाही. केवळ वय कमी आहे म्हणून आमच्या मुलांविषयी इशारा द्यायचा, यात न्याय कसला?

गोदाकाठ

सर, लग्नाचा मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्या मागणीच्या विरुद्ध जात नाही. लग्न असो, संमेलन असो की सहल असो, दीडशेच्या वरचा कोणताही गट असेल तर सांगावे. माझा आक्षेप वयाला नाही.

डेक-पाच

मी मूळचा सातपूरचा. परदेशी क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर हॉटेल विभागात अकरा वर्षे काम केले आहे, म्हणून आतल्या बाजूने काही सांगतो.

गटाची माहिती कंपनीकडे नसते असे कुणी समजू नये. बहुतेक ठिकाणी आठ-दहा खोल्या एकत्र घेतल्या की त्याला गट म्हणतात, दर वेगळा लागतो आणि त्या खोल्या कित्येक महिने आधी बाजूला काढल्या जातात. मुले असतील तर एकेका खोलीत चार जण बसवतात. दोन पलंग खाली असतात आणि उरलेले दोन छतातून किंवा भिंतीतून उघडून खाली घेतात. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचा दर कमी असल्यामुळे सहल परवडते आणि जहाजही भरते. भरलेल्या जहाजामुळेच बाकीच्यांचे तिकीट आवाक्यात राहते, ही सरांच्या बाजूची गोष्ट आहे.

पण ताईंच्या बाजूची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीतील जिग्लिओ बेटापाशी कोस्टा काँकॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोपर्यंत झालेलाच नव्हता, कारण तो चोवीस तासांत घेतला तरी त्या वेळच्या नियमाला चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी सराव घेणे बंधनकारक झाले. ज्या सरावासाठी इतकी माणसे जावी लागली, तो शिट्ट्यांमध्ये ऐकू न येणे ही किरकोळ बाब नव्हे. तिथल्या अधिकाऱ्याने गट वेगळा करून सराव पुन्हा घ्यायला हवा होता.

मोठ्या कंपन्यांनी यावर उपाय शोधलेले आहेत. कार्निव्हलच्या जहाजांवर १२ ते १४ आणि १५ ते १७ अशा वयोगटांसाठी निराळे क्लब असतात आणि सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना रात्री एकनंतर मोठ्या माणसाशिवाय सार्वजनिक जागेत फिरता येत नाही. रॉयल कॅरिबियनच्या अनेक जहाजांवर केवळ प्रौढांसाठी राखलेला पोहण्याच्या तलावाचा भाग असतो. याचा अर्थ मुले आणि मोठी माणसे एका जहाजावर नांदू शकतात, मात्र त्यासाठी जहाजाने आखणी करावी लागते. दोनशे मुले एकदम चढवून बाकीचे नशिबावर सोडले, तर ताईंसारखाच अनुभव येणार.

शांत-प्रवासी

इतकी चर्चा कशासाठी? परदेशात व्हर्जिनच्या जहाजांवर अठरा वर्षांखालील कुणालाही घेत नाहीत. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची आर्केडिया आणि ऑरोरा ही जहाजेही केवळ प्रौढांसाठी आहेत. आयुष्यभर काम करून माणूस चार दिवस विश्रांतीला जातो, त्याने मुलांची हुल्लडबाजी का सहन करावी? मुंबईहूनही निदान महिन्यातून एक फेरी प्रौढांसाठी ठेवावी आणि विषय संपवावा.

खडू-फळा

आपल्या म्हणण्यातूनच माझी भीती स्पष्ट होते. आज सूचना मागितली जाईल, उद्या प्रौढांसाठी वेगळी फेरी मागितली जाईल आणि परवा कंपन्या सहली घेणेच बंद करतील, कारण तारखा बदलणाऱ्या प्रवाशांपेक्षा एका क्लासला नकार देणे त्यांना सोपे जाईल. श्रीमंत घरची मुले आईवडिलांसोबत तरीही जातील. राहतील ती सहलीशिवाय जाऊ न शकणारी.

आई-इंदिरानगर

माझी मुलगी अशाच एका सहलीला गेली होती, म्हणून मी वेगळ्या बाजूने लिहिते. आम्ही पालकांनी पैसे भरले, जेवण शाकाहारी आहे ना एवढे विचारले आणि किती मुलांमागे एक शिक्षक आहे, हे विचारायचे राहून गेले. परतल्यावर ती सहज बोलून गेली की रात्री दोन वाजता त्या सगळ्या सर्वांत वरच्या डेकवर कठड्याला टेकून फोटो काढत होत्या आणि तिथे कुणीच मोठे माणूस नव्हते. माझ्या अंगावर काटा आला. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, ती बातमी ज्यांनी वाचली आहे त्यांना मी काय म्हणते ते समजेल.

गोदाकाठ ताईंची झोप मोडली, ती माझ्या लेखी तक्रार नसून धोक्याची खूण आहे. पहाटे तीनला दारे वाजत होती, म्हणजे पहाटे तीनला त्या मुलांकडे कुणाचे लक्ष नव्हते. सर, आपण पंधरा वर्षे सहली नेता, आपल्याकडे रात्री जागे कोण राहते?

खडू-फळा

आम्ही पाळ्या लावतो. दहा ते दोन आणि दोन ते सहा. मुलींच्या मजल्यावर शिक्षिका असतात. दर पंधरा मुलांमागे एक मोठा माणूस नसेल तर मी सहल काढत नाही. सगळे असे करत नाहीत, हे मी नाकारू शकत नाही.

अकरावी-विज्ञान

काकू, मी सतरा वर्षांचा आहे आणि अशाच एका सहलीत होतो. ती आपलीच फेरी होती की नाही, ते मला ठाऊक नाही. शिट्ट्या आम्हीही वाजवल्या होत्या. तो सराव खरा उपयोगाचा असतो हे मला वरच्या काकांचे लिखाण वाचून आज समजले आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

पण आमचीही बाजू ऐका. खोलीत आम्ही चौघे होतो, वरचे पलंग उघडल्यावर दोघांना एकाच वेळी उभे राहता येत नव्हते. मित्र सहा दारे सोडून होते. रात्री अकरानंतर आमच्यासाठी कुठलीच जागा उघडी नव्हती, म्हणून सगळे मार्गिकेत जमले. शेजारच्या खोल्यांत कोण राहते हे कुणीच सांगितले नाही. आम्हाला वाटले, सगळा मजला आमचाच आहे. तिसऱ्या दिवशी एका दारातून एक आजोबा काठी घेऊन बाहेर आले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या रात्री आम्ही दार हाताने धरून मिटत होतो.

पंचवटीकर

या मुलाने जे लिहिले आहे, त्यात माझ्या मते अर्धे उत्तर आहे. आम्ही पंचवटीतली माणसे, दर बारा वर्षांनी गर्दी आमच्या दारात येते. सिंहस्थात तीन वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नानाला येतात, तेव्हा प्रत्येकाचा क्रम, मार्ग आणि वेळ आधी ठरलेली असते. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर जातात. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाजवळच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविक गेले, तेव्हा जागा तीच आणि माणसेही भाविकच होती. २०१५ ला येण्याजाण्याचे मार्ग काटेकोरपणे आखले गेले. गर्दी वाईट नसते, तिची वेळ आणि वाट ठरलेली नसणे वाईट असते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

जहाजावर हेच करता येईल. सहलीला एक सलग मजला द्यावा, जेवणाची पाळी वेगळी ठेवावी, सराव वेगळ्या ठिकाणी घ्यावा आणि रात्री बारापर्यंत मुलांसाठी एखादे सभागृह उघडे ठेवून तिथे शिक्षक बसवावेत. इतके केले तर आगाऊ सूचनेची गरजही उरणार नाही, असे मला वाटते.

डेक-पाच

सलग मजला देणे अवघड नाही, फक्त तो निर्णय आरक्षणाच्या वेळी घ्यावा लागतो. उरलेल्या खोल्या जिथे सापडतील तिथे मुले कोंबली, की ती आजोबांच्या शेजारी येतात. सराव वेगळा घेणे तर कप्तानाच्या एका आदेशाचे काम आहे.

खडू-फळा

पंचवटीकरांची चारही कलमे मला मान्य आहेत आणि पुढच्या सहलीच्या करारात मी ती लिहून घेईन. सूचनेला माझा विरोध मात्र कायम आहे. व्यवस्था नीट असेल तर मुलांवर शिक्का कशाला?

गोदाकाठ

बाळा, तू क्षमा मागितलीस, ती मी यजमानांना वाचून दाखवली. त्यांनी तुला आशीर्वाद सांगितला आहे.

सर, आपण आपल्या करारात लिहून घ्याल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या क्लासबरोबर आम्ही गेलो, तो लिहून घेणार नाही आणि त्या फेरीचे तिकीट काढणाऱ्या माणसाला दोघांतला फरक कळण्याचा मार्ग नाही. व्यवस्था होईपर्यंत निदान माहिती तरी द्यावी, यावर मी ठाम आहे. आम्हाला पुन्हा जायचे आहे, कारण चौथ्या दिवशी पहाटे मुले झोपली असताना आम्ही दोघे डेकवर उभे होतो आणि मुंबईचे दिवे हळूहळू जवळ येताना पाहिले; ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. कॉलेज रोडच्या एजंटकडे काल नोव्हेंबरच्या तारखांची चौकशी केली. त्या फेरीवर एखादा मोठा गट आहे का, असे विचारले, तर ही माहिती कंपनी देत नाही, असे उत्तर मिळाले. मी लेखी विचारून ठेवले आहे आणि उत्तर येईपर्यंत आरक्षण थांबवले आहे.