समुद्राखालच्या अश्मयुगीन वस्त्या: तिथेच राहू द्यायच्या की खणून काढायच्या?

मळभ:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या. युनेस्कोचा २००१ चा पाण्याखालच्या वारशाबद्दलचा करार आहे, त्यात पहिला पर्याय काय सांगितलाय तर सापडलेली गोष्ट जागच्या जागी जपा, उचलू नका. बुडालेल्या जहाजांसाठी मला हे पूर्ण पटतं, तिथे सोन्यानाण्याच्या मागे लागलेले लोक असतात. पण अश्मयुगातली वस्ती म्हणजे असतं काय? गाळातला एक पातळसा काळा थर, त्यात गारगोटीच्या कपच्या, कोळसा, कवचांची टरफलं, नशीब असेल तर तासलेलं लाकूड. हे "राहू दे तिथेच" म्हणून सोडलं की राहत नाही हो, वाहून जातं.

बोल्डनर क्लिफ घ्या. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइटजवळ ११ मीटर पाण्याखाली, साधारण ८००० वर्षांपूर्वीची जागा. १९९९ मध्ये कळली कशी, तर एका लॉबस्टरने बीळ उकरताना चकमकीचे तुकडे बाहेर टाकले होते ते पाणबुड्यांच्या नजरेस पडले. मग तिथे तासलेलं लाकूड निघालं, पिळलेला दोर निघाला. दोर! जमिनीवर एवढा जुना दोर क्वचितच टिकतो, दगड तेवढे उरतात आणि आपण त्यांना "दगडी हत्यारवाले लोक" म्हणून मोकळे होतो. समुद्राखालच्या गाळात ऑक्सिजन नसतो म्हणून लाकूड, दोर, बिया राहतात. आणि तोच गाळ प्रवाह सतत खरवडतोय.

म्हणून माझं मत असं की अश्मयुगीन जागांसाठी नियम उलटा हवा. सापडली की खणायची. खणायची नसेल तर का नाही, याचं कारण द्यायचं.

थर_मोजणारा:
असहमत, आणि बऱ्यापैकी ठाम असहमत.

आधी एक दुरुस्ती. तो करार जहाजांपुरता नाही, त्यात प्रागैतिहासिक वस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि जागच्या जागी जतन हा "पहिला विचारात घ्यायचा" पर्याय आहे, एकमेव नाही. ज्ञानात मोठी भर पडणार असेल किंवा संरक्षणासाठी गरज असेल तर उत्खननाला परवानगी आहेच. म्हणजे तुम्ही ज्या भिंतीवर डोकं आपटताय तिला दार आहे.

आता मुद्दा. उत्खनन म्हणजे पुस्तक वाचता वाचता पानं जाळत जाणं. एकदा खणलेला थर परत रचता येत नाही. फ्लोरिडातल्या ऑसिला नदीतलं पेज-लॅडसन बघा. तिथे ८०-९० च्या दशकांत मास्टोडॉनचा (हत्तीसारखा नामशेष प्राणी) सुळा आणि दगडी हत्यारं मिळाली होती, तारखा एवढ्या जुन्या आल्या की बहुतेकांनी विश्वासच ठेवला नाही. २०१२ ते २०१४ मध्ये दुसरी टीम परत त्याच खड्ड्यात उतरली, नव्या पद्धतीने गाळाचे थर मोजले, दगडी सुरी थरातच मिळाली आणि १४,५५० वर्षं हा आकडा आता भक्कम उभा आहे. हे शक्य का झालं? कारण पहिल्यांनी सगळं खणून संपवलं नव्हतं. तुमचा उलटा नियम लावला असता तर दुसऱ्या टीमला रिकामा खड्डा मिळाला असता आणि तो वाद आजही तसाच पडून असता.

निळाई:
मी गुहांमध्ये डायव्हिंग करते, थोडी वेगळी बाजू मांडते.

जागच्या जागी ठेवा म्हणणाऱ्यांनी चान होलची गोष्ट ऐकावी. मेक्सिकोच्या युकातानमधली पाण्याने भरलेली गुहा. २०१२ च्या फेब्रुवारीत तिथे मानवी सांगाडा दिसला, फोटो इंटरनेटवर आले, आणि मार्चमध्ये सांगाडा चोरीला! महिनाभरात!! नंतर संशोधकांच्या हाती काय उरलं तर हाडांचे थोडे तुकडे, त्यातला महत्त्वाचा कमरेच्या हाडाचा, तोही अशासाठी वाचला की त्याच्यावर चुनखडीचा स्तंभ वाढलेला होता म्हणून तो चोरांना उपटता आला नाही. त्या स्तंभाच्या वयावरून सांगाडा जवळपास १३,००० वर्षांचा असावा असं २०१७ मध्ये मांडलं गेलं. बाकी सगळं कुठे आहे कुणालाच माहीत नाही. मला हे वाचून अक्षरशः रडू आलं होतं, एवढी वर्षं ते माणूस तिथे शांत पडलेलं, गुहेत पाणी आलं तरी हललं नाही आणि शेवटी फोटोने घात केला.

त्याच भागात ओयो नेग्रोमध्ये २००७ ला एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा मिळाला, तिला नाया नाव दिलं, १२-१३ हजार वर्षांपूर्वीची. तिची हाडं नंतर वर काढली, मला वाटतं ते योग्य केलं. दातावरून डीएनए मिळाला, आजच्या अमेरिकन आदिवासींशी नातं जुळतं हे कळलं. पाण्यात राहिली असती तर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी शोकेसमध्ये गेली असती.

कातळखुणा:
तिघांचंही वाचलं. मी भूगर्भवाला आहे त्यामुळे पुरातत्त्वाबद्दल फार बोलणार नाही, पण तुम्ही सगळेच धरून चाललाय की खाली वस्त्याच वस्त्या पडल्यात, फक्त खणायच्या की नाही तेवढं ठरवायचंय. तसं नाहीये.

साधारण २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर किंवा त्याहूनही थोडी जास्त खाली होती, दीड-दोन कोटी चौरस किलोमीटर जमीन तेव्हा कोरडी होती. पण बर्फ वितळून पाणी वर आलं तेव्हा प्रत्येक इंच जमिनीवरून एकदा लाटांची फुटण्याची रेषा गेलेली आहे. ती रेषा म्हणजे रंधा. उघड्या किनाऱ्यावर बहुतेक सगळं तासून निघालं. वाचलं कुठे? जिथे लाटांना जोर नव्हता किंवा पाणी येण्याआधीच दलदल आणि गाळाने जागा झाकली. डेन्मार्कचं टिब्रिंड विग त्यातलंच, दोन-तीन मीटर पाण्याखाली एका शांत उपसागरात, म्हणून तिथे झाडाच्या खोडाच्या होड्या आणि पात्यावर नक्षी कोरलेली वल्ही मिळाली. नक्षी असलेली वल्ही, विचार करा, रोज मासे मारायला जाणारा माणूस वल्ह्यावर नक्षी काढत होता.

म्हणून आधी नकाशा. ब्रिटिश संशोधकांनी तेल कंपन्यांचा भूकंपीय डेटा (तळावर ध्वनिलहरी सोडून खालचे थर बघतात तो) घेऊन उत्तर समुद्राखाली बुडालेल्या डॉगरलँड या जमिनीच्या नद्या, टेकड्या, सरोवरं काढून दाखवली, एक वाटी गाळ न उपसता. जर्मनीजवळ बाल्टिकमध्ये मेक्लेनबर्गच्या उपसागरात २०२१ मध्ये सोनार यंत्रावर (पाण्यात आवाज सोडून तळाचं चित्र काढणारं) दगडांची रांग दिसली, २१ मीटर खोल, जवळजवळ एक किलोमीटर लांब, दीड हजारावर दगड, उंची एक मीटरही नाही. २०२४ मध्ये त्यावर लेख आला, रेनडिअर हाकत नेऊन मारायला १०,००० वर्षांपूर्वी किंवा त्याआधी बांधलेली भिंत असावी असा अंदाज आहे. कुणी फावडं लावलं नाही.

मळभ:
कातळखुणा, रंध्याचं पटलं, पण त्यातून माझाच मुद्दा निघतो ना? शंभरातली एखादीच जागा वाचली असेल तर तीच आज झिजतेय हे जास्त गंभीर आहे. आणि सोनारवर भिंत दिसते, दोर दिसत नाही.

थर_मोजणारा, करारातलं दार मान्य, माझं वाचन अर्धवट होतं. पण प्रत्यक्षात त्या दारातून जाईपर्यंत ट्रॉलर येऊन गेलेला असतो. उत्तर समुद्रात तळ खरवडणारी जाळी किती वर्षं फिरतायत? १९३१ मध्ये कोलिंडा नावाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात पीटचा गोळा आला, म्हणजे दलदलीत साचलेला काळा थर, तो फोडला तर आत काटेरी दात कोरलेलं शिंगाचं हत्यार. भाल्याचं टोकच. खाली माणसं राहत होती हे लोकांना त्यामुळे पटायला लागलं. तो गोळा पाण्यात परत फेकला असता तर? किती गोळे फेकले गेले असतील?

थर_मोजणारा:
कोलिंडाचं हत्यार ही माझ्या बाजूची साक्ष आहे. ते कुठल्या थरातलं, शेजारी चूल होती का, एकट्या शिकाऱ्याचं हरवलेलं की वस्तीतलं, यातलं काहीच कधी कळणार नाही. वस्तू मिळाली, माहिती गेली.

आणि संदर्भ नसला की काय होतं ते खंभातच्या आखातात सगळ्यांनी पाहिलंय. २००१ मध्ये समुद्राखाली शहर असल्याची घोषणा झाली, सोनारवरच्या चौकोनी आकृत्या, ड्रेजरने (तळ उपसणाऱ्या यंत्राने) वर ओढलेले तुकडे, आणि लाकडाच्या एका तुकड्याचं साडेनऊ हजार वर्षं वय. पण तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह इतका भयंकर आहे की लाकूड कुठून वाहत आलं ते सांगता येत नाही, लाकडाचं वय म्हणजे शहराचं वय नव्हे. वीस वर्षांवर झाली, अजून लोक तोच एक तुकडा पुरावा म्हणून देतात. घाईने वर काढलेली वस्तू अशी पिढ्यानपिढ्या गैरसमज पसरवते, आणि खऱ्या कामाकडेही मग लोक संशयाने बघतात.

तुमच्या बोल्डनरचंच घ्या. २०१५ मध्ये तिथल्या गाळात गव्हाचा डीएनए मिळाल्याचं जाहीर झालं, ब्रिटनमध्ये शेती येण्याच्या २००० वर्षं आधी. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला की हा डीएनए जुना असल्याच्या खुणा दाखवत नाही. ही तर नीट खणलेली, काळजीपूर्वक काम करणाऱ्या लोकांची जागा होती!

साधासवाल:
प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नका. पाण्याखाली एक दिवस काम म्हणजे बोट, ऑक्सिजन, माणसं, हवामान. तेवढ्या पैशात जमिनीवर कितीतरी जास्त खणून होईल. जमिनीवरच्या जागा संपल्यात का?

निळाई:
ऑक्सिजन नाही, टाकीत साधी दाबलेली हवा असते :) पण प्रश्न बरोबर आहे.

संपल्या नाहीत, पण त्या काळातला समुद्रकाठ जवळपास सगळाच पाण्याखाली आहे. म्हणजे आपण ज्या लोकांना "शिकारी" म्हणतो ते बहुतेक आतल्या भागातले, आणि मासे, शिंपले, सील, होड्या यांच्यावर जगणारी माणसं चित्रातून गायब. फ्रान्समधल्या मार्सेयजवळच्या कॉस्केर गुहेचं तोंड आज ३७ मीटर पाण्याखाली आहे, आत भिंतींवर घोडे आहेत तसे सील आणि आता नामशेष झालेले ऑक पक्षीही काढलेत. हे लोक समुद्राकडे बघत होते. ती गुहा मात्र उचलून आणता येत नाही, चित्रं पाण्याने झिजतायत, म्हणून लेझर स्कॅन करून २०२२ मध्ये मार्सेयमध्ये प्रतिकृती उभी केली. प्रत्येक जागेला एकच औषध नाही एवढंच म्हणते.

मळभ:
साधासवाल, तुमच्यासाठी एक जागा सांगते आणि मग ठरवा पैसा लावावा का. इस्राइलच्या कार्मेल किनाऱ्याजवळ तेल ह्रेझ, समुद्राखालचं ७००० वर्षांपूर्वीचं गाव. त्या लोकांनी समुद्राच्या बाजूला मोठमोठ्या दगडांची १०० मीटरपेक्षा लांब भिंत रचली होती, लाटा अडवायला. पाणी दर पिढीला वर येत होतं आणि ते लोक दगड वाहून आणत होते. मग एक दिवस सोडून गेले. वाळूने ती झाकली, वादळाने वाळू हटली तेव्हा दिसली, २०१९ मध्ये लेख आला. समुद्र वर येतोय हे डोळ्यांनी बघणाऱ्या माणसांनी काय केलं याचा पुरावा जमिनीवर कुठे मिळणार?

थर_मोजणारा:
हे उदाहरण मला मनापासून आवडतं, आणि तिथली पद्धतही. त्याच किनाऱ्यावर अतलित याम नावाचं आणखी जुनं, ९००० वर्षांच्या आसपासचं गाव आहे. तिथले लोक वादळानंतर पाण्यात उतरतात, वाळू हटून उघडं पडलेलं तेवढंच नोंदवतात, धोक्यात आहे ते काढतात, बाकी वाळू परत झाकते. असं असेल तर माझी हरकत नाही. सरसकट "सापडलं की खणा" ला आहे.

अजून एक. ओलं लाकूड वर काढलं की ते सुकताना आक्रसतं, तडकतं, त्यातलं पाणी हळूहळू काढून मेणासारखं रसायन भरायला मोठ्या होडीला वर्षं लागतात. तेवढी टाकी, तेवढे लोक, तेवढ्या वर्षांचा पैसा आधी दाखवा, मग खणा. नाहीतर ८००० वर्षं टिकलेला दोर आपल्या हातात एका उन्हाळ्यात मरेल.

मळभ:
टाकीची अट मान्य, माझ्या मूळ मांडणीत ती नव्हती आणि असायला हवी होती. वादळानंतर उतरण्याचंही मान्य. पण चान होलला चोरांना महिनाही लागला नाही, आणि पवनचक्क्यांचे खांब उत्तर समुद्रात आत्ता ठोकले जातायत. टाकी तयार होईपर्यंत ते थांबणार नाहीत, म्हणून "आधी टाकी" यावर मी अजून अडलेय. निदान खांबाच्या जागेवरचा गाळाचा गाभा (नळी खुपसून काढलेला थरांचा उभा नमुना) तरी आधी काढून थंड जागी ठेवा, वाचणारे पुढे येतील.

कातळखुणा:
गाभे तर पायाच्या तपासणीसाठी तसेही काढावे लागतात. ते पुरातत्त्ववाल्यांना दाखवायचे एवढीच अट घालायची आहे. थर_मोजणारा, याला तरी तुमचा होकार?

थर_मोजणारा:
याला आहे. कुठून, किती खोलीवरून काढला ते गाभ्यावर लिहिलेलं असेल तर.