आठवडी बाजारातल्या ठेल्यावर खाताना नेमकं काय पाहायचं?

कापूसकाठ (यवतमाळ जिल्हा):
आमच्याकडे बुधवारचा बाजार भरतो. आलूबोंडा, भजे, गुपचूप (पाणीपुरी), बर्फगोळा, उसाचा रस असे पंधरा-वीस ठेले लागतात. शाळेत पालकांची बैठक आहे, तिथं खाण्याबद्दल दहा मिनिटं बोलायचं ठरलंय. 'उघड्यावरचं खाऊ नका' हे सांगून सांगून झालं, त्यानं कोणी खायचं थांबत नाही. ठेलेवालेही गावातलेच, त्यांचं घर त्यावर चालतं. गिऱ्हाइकाला ठेल्यासमोर उभ्या-उभ्या ओळखता येईल असं काय सांगावं? तेल काळं दिसलं की खाऊ नये, एवढंच लोकांना माहीत आहे.

बादलीकडे_पाहा:
तेलापासून सुरुवात करू नका. जुन्या तेलाचा त्रास खरा आहे, पण तो वर्षानुवर्षं साचत जातो. बाजारातून आल्यावर रात्री लेकराला उलट्या-हगवण लागते, ती कढईमुळे क्वचितच. १७०-१८० अंशांच्या तेलातून आत्ता काढलेल्या भज्यात रोगजंतू टिकत नाहीत. धोका त्यानंतर लागतो: चटणी, पाणी, बर्फ, हात.

म्हणून पालकांना सांगा की आधी ठेल्याच्या खाली पाहा. प्लेटा-चमचे कशात धुतात? एकाच बादलीत सकाळपासून शंभर प्लेटा बुचकळल्या असतील, तर पहिल्याच्या उष्ट्याचं पाणी शंभराव्याच्या ताटलीत जातं. अशा ठिकाणी पळसाच्या पानाच्या द्रोणात मागा. वर्तमानपत्राच्या कागदावर नको. शाई गरम तेलकट पदार्थात उतरते आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार त्यावर बंदीही आहे.

मग हात पाहा. ज्या हातानं दहाची नोट घेतली त्याच हातानं पुरी फोडून मसाला भरला, तर तिथं थांबू नका. पैसे घ्यायला दुसरा माणूस असेल तर तो ठेला बरा.

गुपचूपचं पाणी सर्वांत जोखमीचं. ते कच्चं असतं, दिवसभर तेच चालतं आणि त्यात पुन्हा पुन्हा हात बुडतो. ओगराळ्यानं वाढत असतील आणि माठाला झाकण असेल तर जोखीम बरीच उतरते. गूळ घालून शिजवलेली चिंचेची चटणी त्यामानानं बरी. सांबार (कोथिंबीर) आणि मिरची वाटून पाणी घातलेली हिरवी चटणी मात्र ४४ अंशांच्या उन्हात तासाभरातच धोक्याची होते.

झारा_आणि_कढई:
वरच्यांचं पटलं, पण 'गरम आहे म्हणजे सुरक्षित' असा अर्थ कोणी काढू नये. आलूबोंडा आणि समोशात एक फसवणूक असते. गर्दीला पुरावं म्हणून सकाळीच अर्धवट तळून परातीत रचून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की मिनिटभर तेलात सोडतात. वरचं आवरण चटका देतं, आतला आलू कोमटच राहतो. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे पडून राहिलं की जंतू भराभर वाढतात. आपल्या उन्हाळ्यात सावलीतही तेवढीच गरमी. साधा नियम दोन तासांचा, पण पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास धरावा. काही जंतूंचं विष पुन्हा तापवूनही जात नाही. कापलेल्या-चिघळलेल्या बोटावरून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस त्यातलाच.

खूण सोपी आहे: आलूबोंडा मधोमध तोडा. आतून वाफ निघाली पाहिजे. वरून चटका आणि आत कोमट, तर परत करा.

तर्री पोह्याचंही तेच. तर्रीचं भगोणं चुलीवर खदखदत असेल तर ठीक. बाजूला उतरवून ठेवलेली थंड तर्री वाढत असतील तर घेऊ नका.

तेलाबद्दल: नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. भजी टाकल्यावर बारीक फेस येऊन तो बसत नाही, थोडं तापताच धूर येतो, थंड झाल्यावर तेल बोटाला गोंदासारखं चिकटतं, ही खरी लक्षणं. तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडल्यानं तयार होणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते टाकून द्यावं लागतं, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. जुन्या तेलातच नवं ओतत राहिल्यानं नवंही लवकर खराब होतं. बुडाशी बेसनाचा जळलेला चुरा साचतो, तो रोज गाळला तरी तेल जास्त टिकतं. ठेलेवाल्याला हे सांगा, त्याचाही पैसा वाचतो.

कापूसकाठ:
बर्फ आणि रंगाचं काय सांगू? आणि चिंचेच्या आंबट पाण्यात जंतू मरतात म्हणतात, ते खरं का?

बादलीकडे_पाहा:
मरत नाहीत. आंबटपणानं काही जंतूंची वाढ मंदावते, एवढंच. काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू तर पोटातल्या आम्लातूनही पार जातो.

बर्फ: खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा, असं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये बंधनकारक केलं. निळसर लादी दिसली तर गोळा, रस काहीच घेऊ नका. पण पांढरा बर्फही पोत्यात गुंडाळून, जमिनीवरून ओढत येतो. उसाचा रस बिनबर्फाचा मागा, आणि ऊस धुऊनच यंत्रात घालायला सांगा.

रंग: भज्याच्या पिठात कृत्रिम रंग घालायला परवानगीच नाही. भजं ओल्या बोटानं चोळल्यावर बोट गर्द केशरी झालं तर शंका घ्या. हळदीचा डाग फिका असतो आणि साबण लावला की लालसर होतो. गडद गुलाबी बुढी के बाल (म्हातारीचे केस) लेकरांना देऊ नका. त्यात रोडामाइन-बी हा कपड्याचा रंग सापडल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूनं त्याच्या विक्रीवर बंदी आणली.

टीसीएल_पावडर:
पाण्याची बाजू पालकांवर टाकू नका, ती ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो (पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग येतो), तीच टेस्ट बाजाराच्या दिवशी दुपारी ठेल्यावरच्या ड्रममध्ये करायला सांगा. सकाळी नळाला पिवळा रंग आला तरी दुपारी ड्रममध्ये येत नाही, असं होऊ शकतं. उन्हानं क्लोरीन उडतं आणि प्रत्येक वेळी हात-मग बुडाला की ते खर्ची पडतं. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. झाकणाचा, तोटी असलेला ड्रम वापरला तर निम्मं काम होतं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की टीसीएलचा (ब्लिचिंग पावडरचा) असर कमी पडतो, तेव्हा गुपचूपसाठी पाणी उकळूनच थंड करावं.

झारा_आणि_कढई:
आजारी पडल्यावर लोक शेवटचं जे खाल्लं त्यालाच दोष देतात, ते नेहमी बरोबर नसतं. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या झाल्या तर पडून राहिलेल्या अन्नातलं विष. साल्मोनेलाला ६ तासांपासून ३ दिवस लागतात, टायफॉइडला एक ते तीन आठवडे. हिपॅटायटिस ए ची कावीळ २ ते ६ आठवड्यांनी दिसते, म्हणजे चूक मागच्या महिन्याच्या बाजारातली असू शकते.

हगवण लागली की लगेच ओआरएस. मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात करू नका. सहा महिन्यांवरच्या लेकराला झिंक २० मिलिग्रॅम, १४ दिवस, मधे हगवण थांबली तरी. शौचात रक्त, डोळे खोल, लघवी बंद, लेकरू सुस्त: यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन.

एकाच ठेल्यावरचे चार-पाच जण आजारी पडले तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा. उरलेला पदार्थ टाकू नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा, खाल्ल्याची आणि त्रास सुरू झाल्याची वेळ लिहा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर करता येते. ठेलेवाल्याकडे १४ अंकी नोंदणी क्रमांक असेल तर तोही सांगा, माणूस लवकर सापडतो.